विळ्यानें तुटलेली बोटाची शीर

सुगींत विळ्यानें बोट कापणें धाराशिव जिल्ह्यांतील शेतकऱ्यांस नवें नाहीं. डाव्या मुठींत ज्वारीचीं ताटें धरून कापणी करतांना विळा निसटतो व डाव्या हाताच्या बोटांवर येतो. जखम लहान दिसली म्हणजे चिंधी बांधून काम पुढें चालतें. परंतु अशाच जखमेनें बोट जन्माचें निकामी होऊं शकतें, म्हणून हा विषय वाचकांपुढें मांडीत आहों.

बोट वांकविणारे मुख्य स्नायू कोपराखालीं असतात. त्यांचें बळ बोटास पोंचविणाऱ्या चिवट दोरीस वैद्यकांत कंडरा म्हणतात. व्यवहारांत आपण तीसही शीर म्हणतों, पण तिच्यांतून रक्त वाहत नाहीं. अंगठ्याखेरीज प्रत्येक बोटास वांकविणाऱ्या अशा दोन कंडरा असतात; एक मधल्या पेरापर्यंत, दुसरी शेवटच्या पेरापर्यंत. त्या अरुंद नळींतून सरकतात. कंडरा तुटली कीं जुन्या मोटेच्या तुटलेल्या नाड्याप्रमाणें तिचें टोंक तळव्याकडे निसटतें व जखमेंत दिसत नाहीं.

परीक्षा सोपी आहे. मधलें पेर सरळ धरून शेवटचें वांकवून पाहावें. न वांकल्यास खोल कंडरा तुटली असें समजावें. वांकलें तरी दुसरी तुटलेली किंवा एखादी अर्धवट कापलेली असूं शकते. बोट बधिर असल्यास ज्ञानतंतूही तुटला असावा. अशा वेळीं केवळ कातडीस टांके घालून घेऊं नयेत.

अंगठी काढून, जखम स्वच्छ पाण्यानें धुऊन, फडक्यानें दाबून हात उंच धरावा. हळद, चुना भरूं नये. धनुर्वाताची लस घ्यावी, आणि धाराशिव, सोलापूर वा लातूर येथें हाताची शस्त्रक्रिया जाणणारा वैद्य गांठावा. शस्त्रवैद्य जखम वाढवून दोन्ही टोंकें शोधतात व बारीक, बळकट दोऱ्यानें जोडतात. हें काम पहिल्या कांहीं दिवसांतच व्हावें. महिना लोटल्यास स्नायू आखडतो, नळी मिटूं लागते. मग बहुधा दुसरीकडील कंडरा काढून बसवावी लागते.

बोटाच्या मुळाजवळील कंडरा लगेच जोडूं नये, ती चिकटते, असें पूर्वी मानीत. अमेरिकेतील डॉ. हॅरॉल्ड क्लाइनर्ट यांनीं १९६० नंतरच्या दशकांत ती जोडून, रबरी पट्टीच्या साह्यानें बोट लवकर हलवून, हें मत बदलविलें. आजही जोडलेलें बोट आधारपट्टींत, शिकविल्याप्रमाणेंच हलवावें. न हलविल्यास तें आखडतें. जोर केल्यास टांका तुटतो. सुमारें १२ आठवडे त्या हातानें विळा, कुदळ धरूं नये, धारही काढूं नये. तेवढें काम सावडीनें निभावतां येईल. न मिटणारी मूठ मात्र जन्मभर अडवील.