चालणाऱ्या माणसामागचा कॅमेरा

दूरचित्रवाणीवरील नाटकाविषयी बोलताना लेखकाचे नाव आधी घ्यावयाचे, अशी ब्रिटनमध्ये प्रथाच होती. बी.बी.सी.च्या ‘द वेन्सडे प्ले’ व ‘प्ले फॉर टुडे’ या मालिकांतील नाटके प्रामुख्याने लेखकांच्या नावाने ओळखली गेली. दिग्दर्शक म्हणजे संहिता पडद्यावर नीट उतरवून देणारा कारागीर, एवढीच त्याच्याबद्दलची सर्वसाधारण समजूत. अ‍ॅलन क्लार्क यांच्या कारकिर्दीचा अभ्यास करताना ही समजूत अपुरी वाटू लागते. ती का, हे प्रस्तुत लेखात मला पाहावयाचे आहे.

क्लार्क यांचा जन्म १९३५ सालचा, लिव्हरपूलच्या समोर मर्सी नदीपलीकडे असलेल्या वॉलसीचा. तरुणपणी ते कॅनडात गेले आणि टोरांटोच्या रायर्सन संस्थेत त्यांनी रेडिओ व टेलिव्हिजनचे शिक्षण घेतले. मायदेशी परतल्यावर १९६७ साली अर्ध्या तासाच्या स्टुडिओ-नाटकांनी त्यांच्या दिग्दर्शनाला प्रारंभ झाला. १९६९ पासून ते बी.बी.सी.साठी काम करू लागले. १९७४ मधील ‘पेंडाज् फेन’ या डेव्हिड रडकिनलिखित नाटकात एका पाद्र्याच्या मुलाचे मन आणि इंग्लंडचा ग्रामीण प्रदेश त्यांनी स्वप्नवत् शैलीत रंगविला. पुढील कामाकडे पाहिले, तर हा तोच दिग्दर्शक का, असा प्रश्न पडावा.

१९७७ साली रॉय मिंटनलिखित ‘स्कम’ तयार झाले. तरुण गुन्हेगारांना ‘सुधारण्यासाठी’ चालविल्या जाणाऱ्या बोर्स्टल संस्थांमधील मारहाण, वर्णद्वेष आणि आत्महत्या यांचे ते चित्रण होते. बी.बी.सी.ने ते प्रक्षेपित करण्यास नकार दिला. नाटक माहितीपटासारखे खरे वाटते, हीच त्याविरुद्धची एक तक्रार होती. कलावंताला याहून मोठी दाद ती कोणती? क्लार्क यांनी १९७९ साली त्याच कथेवर चित्रपट काढला. मूळ नाटक मात्र पडद्यावर आले ते १९९१ साली. तोपर्यंत क्लार्क यांच्या निधनाला वर्ष होऊन गेले होते.

त्यांच्या शैलीतील खरे वळण ‘मेड इन ब्रिटन’मध्ये दिसते. १९८२ साली चित्रित झालेले हे नाटक डेव्हिड लेलंड यांचे. येथे क्लार्क यांनी स्टेडीकॅम वापरला. या साधनात कॅमेरा चालकाच्या अंगावरील पट्ट्यांना व स्प्रिंगच्या हाताला जोडलेला असतो. त्यामुळे चालताना बसणारे हिसके चित्रात उतरत नाहीत. कपाळावर स्वस्तिक गोंदवलेला सोळा वर्षांचा ट्रेव्हर (टिम रॉथ) तरातरा चालतो आणि कॅमेरा त्याची पाठ सोडत नाही. हा मुलगा आशियाई माणसाच्या घरावर विटा फेकतो, म्हणून आपल्याला त्याचा तिटकारा येतो. पण त्याच्याबरोबर चालणे काही थांबविता येत नाही.

१९८७ मधील जिम कार्टराइट यांच्या ‘रोड’मध्ये हेच चालणे निराळा अर्थ घेते. बेकार नवऱ्याच्या संसारात पिचलेली स्त्री उजाड रस्त्यांवरून चालत, स्वतःशीच बोलत राहते. ट्रेव्हरच्या चालीत आव्हान होते. हिच्या चालीत केवळ घरी न परतण्याची इच्छा आहे.

१९८९ मधील ‘एलिफंट’ हे या शैलीचे टोक. उत्तर आयर्लंडमधील रक्तपातावरील या एकोणचाळीस मिनिटांच्या कृतीत अठरा हत्या आहेत आणि संवाद जवळजवळ नाहीत. एक माणूस चालत येतो, दुसऱ्याला गोळी घालतो, निघून जातो. कॅमेरा मृतदेहावर काही काळ थांबतो. मारणारा कोणत्या पक्षाचा, मरणारा कोण, हे अखेरपर्यंत सांगितले जात नाही.

क्लार्क यांनी येथे हिंसेची कारणेच पुसून टाकली, इतिहास वगळला, असा आक्षेप घेता येतो आणि तो क्षुल्लक नाही. तथापि ‘मेड इन ब्रिटन’मधील एक प्रसंग ध्यानात घेतला पाहिजे. तेथे एक अधिकारी फळ्यावर आकृती काढून ट्रेव्हरला त्याचे भविष्य समजावतो : शाळा, बेकारी, चोरी, तुरुंग आणि पुन्हा तेच. विवेचन अगदी बिनचूक आहे. ट्रेव्हरच्या आयुष्यात मात्र त्याने काडीचाही फरक पडत नाही. कारणे क्लार्क यांना ठाऊक होती. कारण कळले म्हणजे आपले कर्तव्य संपले, हे समाधान त्यांना मान्य नव्हते. उत्तर आयर्लंडमधील मृत्यू ब्रिटिश घरांत वर्षानुवर्षे बातमी होऊन येत होते. क्लार्क यांनी त्यातली बातमी काढून घेतली आणि मृत्यू तेवढा समोर ठेवला.

संहितेतील शब्द लेखकाचे असतात, हे खरेच. परंतु कोणाच्या मागे किती वेळ चालावयाचे आणि कोठे थांबून पाहावयाचे, हा निर्णय दिग्दर्शकाचा. क्लार्क यांनी तो अशा रीतीने घेतला की, न्यायनिवाड्याचे काम प्रेक्षकावर येऊन पडले. नाटकाच्या अभ्यासकांनी त्यांच्याकडून शिकण्यासारखे काही असेल, तर ते हेच, असे मला वाटते.