जुन्या गावांची वाट

प्रश्न : वाशीमहून स्वतःच्या गाडीने दोन दिवसांत जुनी गावे पाहायची आहेत. कसे जावे?

उत्तर : समृद्धी महामार्ग टाळा, जुन्याच रस्त्याने जा. नोव्हेंबर उत्तम, सोयाबीन निघालेले असते, तूर फुलावर येते. पहिला मुक्काम शिरपूर जैनला. तिथल्या जैन मंदिरातील, अधांतरी मानलेल्या अंतरिक्ष पार्श्वनाथांच्या मूर्तीखालून पूर्वी कापड सरकवून दाखवत, ही आठवण गावोगावी ऐकायला मिळते. जैनांच्या दोन पंथांतील वादामुळे चार दशके बंद असलेले दर्शन 2023 मध्ये खुले झाले. पवळी मंदिराचे दगडी कोरीवकामही निवांत पाहा. पुढे मालेगावमार्गे मेहकर : 1888 मध्ये सापडलेली शारंगधर बालाजीची मूर्ती. मग लोणार. दैत्यसूदन मंदिरात छतावरची शिल्पे अंधारात असतात. टॉर्च विसरू नका.