दम्याच्या शंका : गोठा, अंगण आणि दही

प्रश्न : गोठ्याच्या धुळीत वाढलेल्या मुलांना दमा कमी होतो, असं वाचलं. माझं लहानपण गोठ्यातच गेलं; तरी जिनिंगमध्ये लागल्यापासून छाती भरते, दम लागतो. असं कसं?
– एक कामगार, परतूर

उत्तर : वाचलंत ते खरं आहे, पण ते बालवयापुरतं. अमेरिकेतल्या आमिश आणि हटराइट या दोन शेतकरी समाजांचा अभ्यास 2016 मध्ये प्रसिद्ध झाला. दोघांचा वंश जवळचा. आमिश मुलं गुरांच्या गोठ्यात खेळतात. हटराइटांची शेती यंत्रांवरची. आमिश मुलांत दमा सुमारे 5 टक्के, हटराइट मुलांत 21 टक्के. आमिश घरांतल्या धुळीत एंडोटॉक्सिन, म्हणजे जिवाणूंच्या आवरणातला एक घटक, जवळजवळ सातपट होता. लहानपणी तो रोज थोडा थोडा श्वासात गेला, तर साध्या धुळीवर शरीर चवताळून उठत नाही, असं दिसतं.

एंडोटॉक्सिन कापसाच्या धुळीतही असतं. पण मोठेपणी, शेडमध्ये तासन्‌तास आणि भरमसाट गेलं, तर तेच श्वासनलिका आवळतं. सुट्टीनंतर कामाच्या पहिल्या दिवशी त्रास वाढतो का, पाहा. वाढत असेल तर हा बिसिनोसिस, म्हणजे कापसाच्या धुळीचा आजार असू शकतो. छातीच्या डॉक्टरांकडून स्पायरोमेट्री, म्हणजे श्वासाच्या ताकदीची तपासणी, करून घ्या. तोंडाला रुमाल पुरत नाही, एन-95 मास्क वापरा, सोयाबीनच्या मळणीतही.

प्रश्न : नातू 8 महिन्यांचा आहे. सर्दी झाली की कफ छातीत उतरून बाळदमा होईल म्हणून सूनबाई लगेच अँटिबायोटिक आणते. मी म्हणते, त्याला अंगणात खेळू द्या. कोणाचं बरोबर?
– एक आजी, भोकरदन

उत्तर : आजी, तुमचं पारडं जड आहे. सर्दी विषाणूंची; तिच्यावर अँटिबायोटिक चालत नाही. उलट या वयात आतड्यात जिवाणूंची वस्ती बसत असते, ती विस्कटते. कॅनडात 2015 च्या अभ्यासात, ज्या बाळांना वर्षाच्या आत घरघर आणि ॲलर्जी दिसली, त्यांच्या शीमध्ये तिसऱ्या महिन्यातच चार प्रकारचे जिवाणू कमी आढळले. तिथल्याच ब्रिटिश कोलंबिया प्रांतात बाळांना अँटिबायोटिक देणं घटत गेलं, त्याच काळात, 2000 ते 2014 दरम्यान, 1 ते 4 वर्षांच्या मुलांतलं दम्याचं नवं निदानही सुमारे 26 टक्क्यांनी घटलं. एवढ्यावरून कारण पक्कं होत नाही, पण विनाकारण औषध न देण्याला ते पुरेसं आहे.

सूनबाईंची काळजीही खोटी नाही. बाळाचा श्वास जोरात चालला, बरगड्या आत ओढल्या गेल्या, दूध सुटलं, तर लगेच दवाखाना गाठा. न्यूमोनियात अँटिबायोटिकच जीव वाचवतं. अंगणात खुशाल खेळू द्या, मात्र चुलीच्या आणि विडीच्या धुरापासून लांब ठेवा.

प्रश्न : घरचे म्हणतात, दमेकऱ्याला दही वर्ज्य. दुकानदार म्हणतो, प्रोबायोटिकच्या कॅप्सूल घ्या, पंप सुटेल. काय करू?
– एक शेतकरी, अंबड

उत्तर : पंप सोडू नका. दमेकऱ्यांच्या श्वासनलिकेतली जिवाणूंची घडण निरोगी माणसापेक्षा वेगळी असते, हे 2010 मध्ये दिसलं. तंतुमय आहारानं आतड्यातले जिवाणू जी मेदाम्लं बनवतात, ती फुप्फुसाची सूज कमी करतात, हे 2014 मध्ये उंदरांत दिसलं. पण माणसाच्या दम्यावर प्रोबायोटिक, म्हणजे उपयोगी जिवाणू, हे औषध म्हणून अजून सिद्ध झालेलं नाही.

उपचार म्हणून पुढे आलेला एक प्रयोग ऑस्ट्रेलियातला. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत 420 प्रौढांपैकी निम्म्यांना 48 आठवडे, आठवड्यातून तीनदा ॲझिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक दिलं. त्यांचे दम्याचे झटके कमी झाले. पण सगळ्यांचा पंप चालूच होता. हे औषध हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करू शकतं, जिवाणूही त्याला निर्ढावतात. म्हणून ते निवडक रुग्णांना, तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच दिलं जातं. दुकानातून आणून घ्यायचं नाही.

दही खाऊन त्रास होत नसेल तर जरूर खा. ज्वारीची भाकरी, डाळी, पालेभाज्याही असू द्या. खोकला दोन आठवड्यांवर गेला, तर दमा आहेच म्हणून थांबू नका. क्षय नाही ना, हे पाहायला सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्या, तिथे पैसे लागत नाहीत.