भिडू कसे निवडावेत? : खेळ आणि सामाजिक ऐक्य यांविषयी काही विचार

‘खेळामुळे माणसे जवळ येतात’ हे वाक्य बक्षीस समारंभातील प्रमुख पाहुण्यांच्या भाषणात हटकून असते. टाळ्या पडतात, ढाल दिली जाते. जिंकलेल्या वस्तीची पोरे गुलाल उधळीत एका वाटेने जातात आणि हरलेल्या वस्तीची पोरे दुसऱ्या वाटेने. माणसे खरोखर जवळ आली काय, हे पाहण्यासाठी तोपर्यंत पाहुणे थांबलेले नसतात. खेळ माणसे केव्हा जोडतो आणि केव्हा तोडतो, याचा थोडा विचार, मुख्यतः आपल्या परभणी जिल्ह्याच्या संदर्भात, प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

आपल्याकडे गावोगावी जयंती, यात्रा, उरूस यांच्या निमित्ताने कबड्डीचे, क्रिकेटचे सामने भरतात. त्यांत उतरणारा संघ बहुधा एखाद्या मंडळाचा असतो आणि मंडळ एखाद्या गल्लीचे, मोहल्ल्याचे, नगराचे किंवा तांड्याचे असते. आपल्या गावांची रचनाच अशी की गल्ली सांगितली म्हणजे जात सांगितल्यासारखेच होते. यात मुलांचा दोष नाही. चेंडू, बनियन, प्रवेश शुल्क यांचा खर्च मंडळ करते, तेव्हा खेळाडूही मंडळाचेच असणार. शिवाय ज्या वस्तीला गावाच्या मैदानावर पाय ठेवण्याची चोरी होती, तिचा स्वतःचा संघ उभा राहणे ही तिच्या स्वाभिमानाच्या दृष्टीने लहान गोष्ट नव्हे. परंतु असा संघ समोर येतो तो प्रतिस्पर्धी म्हणून. पंचाच्या एका निर्णयावरून उठलेला वाद रात्री चावडीपर्यंत पोहोचतो आणि मग तो खेळाचा वाद राहत नाही.

या बाबतीत अलीकडे झालेला एक प्रयोग फार उद्बोधक आहे. मॅट लो या अर्थशास्त्रज्ञाने उत्तर प्रदेशातील ग्रामीण भागात निरनिराळ्या जातींच्या तरुणांसाठी महिनाभर चालणाऱ्या क्रिकेट स्पर्धा भरविल्या. कोणी कोणत्या संघात खेळावयाचे हे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे ठरविले होते. काही संघ एकाच जातिगटाचे, तर काही मिश्र. प्रतिस्पर्धी संघही तसेच नशिबावर सोडलेले. या प्रयोगाचे निष्कर्ष 2021 साली अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. मिश्र संघात एका बाजूने खेळलेल्या तरुणांची इतर जातींतील तरुणांशी मैत्री वाढली आणि आपल्याच जातीकडे झुकण्याची प्रवृत्ती कमी झाली. उलट, इतर जातींचे खेळाडू ज्यांना प्रामुख्याने विरोधी संघात भेटले, त्यांच्या बाबतीत परिणाम सर्वसाधारणपणे उलट दिशेने गेला. मैदान तेच आणि खेळही तोच. फरक पडला तो भिडू कसे निवडले यामुळे.

हे वाचताना प्रस्तुत लेखकास आपल्या खेड्यातील पोरांची एक जुनी रीत आठवली. विटीदांडू किंवा कबड्डी खेळण्यापूर्वी दोन गडी म्होरके होतात. बाकीचे जोडीजोडीने, म्हणजे साधारण सारख्या ताकदीचे दोघे दोघे, गळ्यात हात टाकून बाजूला जातात, आपसांत गुपचूप नावे ठेवतात आणि परत येऊन विचारतात, ‘‘कोणाला चंद्र, कोणाला सूर्य?’’ म्होरक्याने चंद्र म्हटले की चंद्र त्याच्या बाजूला. चंद्र कोण हे त्याला आधी ठाऊक नसते. सर्वांत लहान पोर उरले तर ते लिंबूटिंबू, दोन्हीकडून खेळणार. दोन्ही बाजूंचे बळ सारखे राहावे आणि म्होरक्याला आपला सगा निवडता येऊ नये, या दोन्ही गोष्टी या साध्या युक्तीने साधतात. अर्थशास्त्रज्ञाने मुद्दाम घडवून आणली ती गोष्ट आपली पोरे पारावर रोज करीत आली आहेत. मोठेपणी मंडळाचा संघ झाला की ही रीत सुटते.

आपल्या देशी खेळांत या दृष्टीने काही विशेष गुण आहेत, तेही ध्यानात घ्यावेत. कबड्डीत बाद झालेला गडी रेषेबाहेर बसून असतो. आपल्या दुसऱ्या गड्याने समोरचा एक मारला की बाहेर बसलेला ‘जिवंत’ होतो. मिश्र संघात याचा अर्थ असा की, एका घरचा पोरगा जिवंत होतो तो दुसऱ्या घरच्या पोराच्या बळावर, आणि हे एका सामन्यात अनेकदा घडते. खो-खोत बसलेल्याच्या पाठीवर हात पडल्यावाचून खो मिळत नाही. मराठीत ‘शिवाशिव’ या शब्दाने विटाळही सांगितला जातो आणि त्याच धातूपासून आलेल्या ‘शिवाशिवी’ने मुलांचा पकडापकडीचा खेळही. भाषेने या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या खऱ्या. मोठ्यांच्या शिवाशिवीत स्पर्श टाळावयाचा असतो आणि पोरांच्या शिवाशिवीत तो केल्यावाचून खेळ पुढे जात नाही.

तथापि एका संघात घेतले म्हणजे सारे झाले, असे मानण्यात अर्थ नाही. पाळवणकर बाळू यांचे उदाहरण या बाबतीत विसरता येणार नाही. चर्मकार समाजातील हा डावखुरा गोलंदाज पुण्यात मैदानाची राखण करता करता गोऱ्या साहेबांना सरावासाठी चेंडू टाकीत असे. पुढे पुण्याच्या हिंदू संघाला युरोपियनांना हरविण्यासाठी त्याची गरज भासली आणि त्याला संघात घेण्यात आले. मैदानावर त्याने टाकलेला चेंडू सर्वांना चालत होता. पण चहाच्या वेळी तो पॅव्हेलियनबाहेर, टाकून द्यावयाच्या मातीच्या भांड्यातून चहा घेत असे आणि जेवणही वेगळे. 1906 साली मुंबईत हिंदू संघाने युरोपियनांना हरविले त्यात बाळूंचा मोठा वाटा होता. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी 114 बळी घेतले. तरीही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना मिळाले नाही. ते त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना मिळाले, तेही 1923 साली, आणि त्या वर्षी संघ विजयी झाला. सबब, मिश्र संघाची पाहणी करावयाची असेल तर ती मैदानावर करू नये. मध्यंतरात पाण्याची घागर कोठे आहे, पेला एक आहे की दोन, आणि नाणेफेकीला कोण जातो, हे पाहावे.

इराकमधील एका अभ्यासाचा निष्कर्षही याच्याशी जुळणारा आहे. युद्धात विस्थापित झालेल्या ख्रिस्ती तरुणांच्या फुटबॉल संघांत काही ठिकाणी मुसलमान खेळाडू घालण्यात आले. सलमा मूसा यांनी 2020 साली प्रसिद्ध केलेल्या या अभ्यासात असे दिसले की, मैदानावरचे वर्तन निश्चित सुधारले. स्पर्धा संपल्यानंतरही काही महिने ही मुले एकत्र सराव करीत होती. मात्र मैदानाबाहेर, अनोळखी मुसलमानांच्या बाबतीत, फारसा फरक पडला नाही. यावरून निराश होण्याचे कारण नाही, पण खेळाकडून किती अपेक्षा करावी हे यावरून कळते. घर भाड्याने मिळणे, विहिरीवर पाणी मिळणे, नोकरी मिळणे हे प्रश्न कबड्डीने सुटावयाचे नाहीत. ते ज्या मार्गाने सुटावयाचे त्याच मार्गाने सुटतील.

महाराष्ट्रात या कामाचा सर्वांत ठळक नमुना नागपूरचा. हिस्लॉप महाविद्यालयातील क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी पावसात फुटकी बादली लाथाडीत खेळणारी झोपडपट्टीची पोरे पाहिली आणि त्यांच्या हाती फुटबॉल दिला. 2001 सालापासून ‘झोपडपट्टी फुटबॉल’ सुरू झाला. पुढे या कामातून घडलेले खेळाडू बेघरांच्या विश्वचषक स्पर्धेपर्यंत गेले, 2016 साली संस्थेला फिफाचा विविधता पुरस्कार मिळाला, आणि 2022 साली नागराज मंजुळे यांच्या ‘झुंड’ या हिंदी चित्रपटामुळे ही हकीकत घरोघरी पोहोचली. चित्रपट पाहून आपण सामना लक्षात ठेवतो. पण त्या कामाचे खरे बळ सामन्यात नव्हे, ते रोजच्या सरावात आहे, आणि जे खेळायला आले त्यांतलेच काही पुढे शिकविणारे झाले यात आहे. बाहेरचा मार्गदर्शक दोन वर्षांनी बदली होऊन जातो. वस्तीतला कोठे जाणार?

मुलींचा प्रश्न स्वतंत्र लेखाचा विषय आहे. येथे एवढेच नोंदवितो की, परभणीच्या ज्योती गवते 2017 साली मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत पहिल्या आल्या आणि धाराशिव जिल्ह्यातील खो-खोपटू सारिका काळे यांना 2020 साली अर्जुन पुरस्कार मिळाला. अशा नावांचा आपण सत्कार करतो, पण आपल्या मैदानांवर सायंकाळी मुली दिसत नाहीत. कोलंबियातील मेडेलिन शहरात 1996 च्या सुमारास तंट्याबखेड्यांत बुडालेल्या वस्त्यांत सुरू झालेल्या फुटबॉलमध्ये प्रत्येक संघात मुली असाव्यात आणि पहिला गोल मुलीने करावा असा नियम होता. नियमच असा केल्यावर मुलांना मुलीकडे चेंडू द्यावाच लागतो. मेहेरबानीचा प्रश्न उरत नाही.

आता आपल्या हाती काय आहे ते पाहू. राष्ट्रीय सेवा योजनेचे सात दिवसांचे शिबिर आपण दरवर्षी एखाद्या खेड्यात घेतो. संध्याकाळी ‘गाव विरुद्ध महाविद्यालय’ असा सामना ठेवण्याचा मोह होतो, कारण तो ठेवायला सोपा आणि गर्दीही जमते. त्याऐवजी गावच्या सर्व वस्त्यांतील पोरे आणि आपले विद्यार्थी यांच्या जोड्या लावून चंद्र-सूर्याच्या रीतीने चार संघ पाडावेत आणि सातही दिवस तेच संघ ठेवावेत. संघांना गल्लीची, महापुरुषांची वा देवांची नावे देऊ नयेत. गोदावरी, दुधना, पूर्णा, करपरा ही नावे पुरेशी आहेत. पाण्याची व्यवस्था प्रत्येक संघाने पाळीपाळीने करावी. बक्षीस रोख नसावे. पंचांच्या जोडीला प्रत्येक संघाचा एक गडी बसवावा, म्हणजे निर्णयावर बोट ठेवण्यापूर्वी निर्णय देणे किती अवघड असते तेही कळेल.

वेळापत्रकाचाही विचार झाला पाहिजे. आपल्या काळ्या मातीची मैदाने पावसाळ्यात चिखलाची होतात आणि खेळायला लायक होतात ती दसऱ्याच्या सुमारास. नेमक्या त्याच वेळी गंगाखेड, पालम, सोनपेठ, जिंतूर या बाजूंची ऊसतोड कुटुंबे कारखान्यांच्या वाटेला लागतात आणि परततात ती उन्हाळा लागल्यावर. म्हणजे ज्या पोरांसाठी हे सारे करावयाचे, ती हिवाळी स्पर्धांच्या दिवसांत फडात मोळ्या वाहत असतात. जी मागे आजी-आजोबांपाशी किंवा गावच्या हंगामी वसतिगृहाच्या आश्रयाने राहतात, त्यांच्यासाठी संध्याकाळचा खेळ हिवाळ्यात सुरू करता येईल. उरलेल्यांसाठी एप्रिल-मे महिन्यांत, ऊन उतरल्यावर, पाच वाजल्यापासून अंधार पडेपर्यंत मैदान मोकळे असते. त्या दिवसांत आपल्यालाही सुट्ट्या असतात आणि बहुतेक जण आपापल्या गावीच असतो.