जळजळ वेगळी, गॅस वेगळा

१. छातीतली जळजळ आणि पोटफुगी जोडीने येतात, पण दोघींची कारणं वेगळी. जठराच्या वरच्या तोंडाची झडप सैल पडली की आम्ल अन्ननलिकेत चढतं आणि जळजळ होते. पोट फुगतं ते बहुतेकदा न पचलेलं अन्न मोठ्या आतड्यात आंबल्यामुळे. म्हणून एकीचा उतारा दुसरीला बाधू शकतो. पुदिन्याने गॅस मोकळा होतो, पण तोच पुदिना ती झडप आणखी सैल करतो. मला रात्री जळजळतं, त्यामुळे संध्याकाळनंतर पुदिन्याची चटणी मी ताटात घेत नाही. आधी आपला त्रास कोणता ते ओळखावं, मग डबा उघडावा.

२. गॅस होतो म्हणून उसळी सोडू नयेत. कडधान्यांतल्या रॅफिनोज, स्टॅकिओज या शर्करा माणसाला पचवता येत नाहीत. आतड्यातले जिवाणू त्या खातात आणि वायू तयार होतो. भिजवल्यावर त्यातला काही भाग पाण्यात उतरतो, मोड आल्यावर आणखी घटतो. तेव्हा रात्रभर भिजवा, ते पाणी ओतून टाका, मोड आणा आणि नव्या पाण्यात बोटाने चेपेल इतकं मऊ शिजवा. फोडणीला हिंग, ओवा हवाच. पावटा, वाल, छोले दुपारी आणि वाटीभरच. रात्री मूग.

३. थंड दुधाने घशाला लगेच बरं वाटतं, पण दुधातली प्रथिनं आणि कॅल्शियम पुन्हा आम्ल वाढवतात. ताज्या, गोडसर दह्याचं पातळ ताक, त्यात भाजलेल्या जिऱ्याची पूड, मला जास्त मानवतं. विरजणात लॅक्टोज काहीसं कमी होतं, म्हणून दुधाने फुगणाऱ्यांनाही ते बरं. आंबट ताक मात्र नको.

४. उपवासाला दिवसभर चहा आणि संध्याकाळी तूप-दाण्याच्या कुटाची साबुदाणा खिचडी, हा बेत पित्ताच्या माणसासाठी वाईटच. स्निग्ध अन्न जठरात रेंगाळतं. त्यापेक्षा केळं, राजगिऱ्याच्या लाह्या, थोडी भगर, आणि तेही दिवसभरात विभागून.

५. रात्री मऊ भात, मुगाचं वरण, दुधी किंवा पडवळाची भाजी, वर चमचाभर तूप. आमटी झणझणीत नको. जेवण आणि झोप यांत तीन तास जाऊ द्यावेत. डाव्या कुशीवर झोपावं. नुसत्या उशा रचून पोट दुमडतं. त्यापेक्षा पलंगाचे डोक्याकडचे पाय सहा इंच उचलून घ्यावेत.

६. गिळताना अडकणं, काळी शौच, रक्ताची उलटी, कारण नसताना वजन उतरणं, यांवर घरचा उपाय करत बसू नका, डॉक्टरांकडे जा. आणि छातीत दाबल्यासारखं होऊन घाम फुटला, कळ हातात किंवा जबड्यात गेली, तर गॅस समजून सोडा पिऊ नका. तडक रुग्णालय गाठा.