नवी बॅटरी घेण्याआधी चार्जिंग तपासा

परतीचा पाऊस थांबून रानात वाफसा आला की रब्बीच्या पेरणीला मोजकेच दिवस मिळतात, आणि नेमका तेव्हाच पावसाळाभर शेडमध्ये उभा राहिलेला ट्रॅक्टर सेल्फ घेत नाही. मग ‘बॅटरी गेली’ असे ठरवून घाईने नवी बसवली जाते. हा खर्च पुष्कळदा वाया जातो, कारण बॅटरी उतरणे हा परिणाम असतो आणि त्याचे मूळ दुसरीकडे असते. नवी बॅटरी भरलेलीच येते, त्यामुळे ट्रॅक्टर लगेच सुरू होतो आणि दुरुस्ती झाली असे वाटते. अल्टरनेटर चार्ज करत नसेल, तर तीही थोड्याच दिवसांत बसते.

साध्या मल्टिमीटरने हा उलगडा बांधावरही होतो. रात्रभर उभ्या ट्रॅक्टरच्या बॅटरीवर सकाळी 12.6 व्होल्ट दिसले तर ती भरलेली आहे, 12.2 म्हणजे साधारण निम्मी, आणि 12 च्या खाली जवळजवळ रिकामी. इंजिन मध्यम वेगाने चालू असताना हाच आकडा 13.8 ते 14.4 च्या आसपास चढायला हवा. तो चढला नाही तर दोष चार्जिंगमध्ये आहे. तेव्हा आधी फॅनबेल्ट पाहावा: भुसा, चिखल आणि तेल लागून तो घसरतो किंवा सैल पडतो. किल्ली फिरवल्यावर चार्जिंगचा लाल दिवा लागतो का, हेही बघावे. अनेक अल्टरनेटरना सुरुवातीचा करंट त्या दिव्यातूनच मिळतो, म्हणून उडालेला छोटासा बल्बही चार्जिंग थांबवू शकतो. उलट आकडा 15 च्या वर गेला तर रेग्युलेटर बिघडला आहे. अशी बॅटरी सारखे पाणी पिते.

बॅटरी भरलेली, तरी सेल्फ नुसता ‘टक्’ करतो, असेही होते. पावसाळी दमटपणात टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी चढते आणि अर्थिंगची पट्टी गंजते. मीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण खांबाला, दुसरे इंजिनच्या उघड्या धातूला लावून सेल्फ मारावा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर करंट त्या पट्टीतच अडतो आहे. साफ करताना ऋण टर्मिनल आधी काढावे आणि शेवटी जोडावे. बुरशी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवावी, पण बॅटरीची झाकणे घट्ट बंद ठेवूनच. मग पेट्रोलियम जेली लावावी.

‘उतारावर लावला की सुरू होतो, मग एवढी तपासणी कशाला?’ असे कोणी म्हणेल. उतारावर इंजिन सुरू होते, बॅटरी भरत नाही. रिकामी राहिलेल्या बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेटचा थर घट्ट बसतो आणि तिची ताकद कायमची घटते. शिवाय उसाच्या हंगामात रात्री दिवे लावून वाहतूक करायची आणि कारखान्याच्या रांगेत पुन्हा पुन्हा सेल्फ मारायचा; तिथे उतार कुठून आणणार? दुसरा आक्षेप रास्त आहे: मीटरवर 12.6 दाखवणारी बॅटरीही भार येताच कोसळू शकते. म्हणून सेल्फ मारताना आकडा पाहावा. भरलेली बॅटरी तेव्हा 9.6 च्या खाली गेली आणि जोडण्या ठीक असतील, तर हायड्रोमीटर लावावा. पूर्ण चार्ज झाल्यावर प्रत्येक कप्प्यात 1.260 ते 1.280 च्या दरम्यान घनता हवी. एकच कप्पा इतरांपेक्षा 0.050 ने मागे राहिला, तर बॅटरी खरोखर संपली आहे. ती बिनधास्त बदलावी.

पाणी डिस्टिल्डच घालावे. बोअरच्या पाण्यातले क्षार प्लेटा खराब करतात, आणि वरून ॲसिड तर मुळीच ओतू नये. चार्जिंग सावकाश करावे, 80 अँपिअर-तासांच्या बॅटरीला साधारण 8 अँपिअर, तेही मोकळ्या हवेत. त्या वेळी ज्वलनशील हायड्रोजन वायू निघतो, म्हणून जवळ विडी-काडी नको. इंजिन चालू असताना टर्मिनल काढून ‘चार्जिंग बघण्याची’ सवय मात्र आजच सोडावी. त्या झटक्याने अल्टरनेटरचे डायोड जळतात.