अडचणीच्या जागेतील ब्रेकचे बोल्ट : सोडविणे व योग्य आवळणे

मोटारगाडीच्या पुढील चाकांतील डिस्क ब्रेकचा कॅलिपर, म्हणजे फिरत्या तबकडीला दोन्ही बाजूंनी पॅडांच्या साह्याने चिमटीत धरणारा भाग, दोन जातींच्या बोल्टांवर अवलंबून असतो. दोन लहान बोल्ट त्याला सरकत्या पिनांवर धरतात. दोन मोठे बोल्ट त्याची बैठक, म्हणजे ब्रॅकेट, चाकामागील ओतीव सांध्याला जखडून ठेवतात. गाडी थांबविताना पडणारा सर्व ओढा शेवटी या दोन मोठ्या बोल्टांवर येतो आणि नेमके तेच चाकाच्या आतल्या अंगाला, हात व पाना नीट पोहोचणार नाही अशा जागी असतात.

गोव्यासारख्या समुद्रकाठच्या प्रदेशात या अडचणीत आणखी भर पडते. जून ते सप्टेंबर चिखलपाणी आणि बाराही महिने खारी हवा, यांमुळे आट्यांमध्ये गंज धरतो. गंज हा मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो. त्यामुळे तो आट्यांच्या फटीत पाचरीसारखा बसतो. अशा बोल्टाला एकदम जोर लावला की एक तर त्याचे डोके गोल होते किंवा तो मानेशी तुटतो. तुटलेला बोल्ट काढण्यास मग छिद्र पाडून नवे आटे पाडण्यापर्यंत पाळी येते.

काम सपाट, टणक जमिनीवर करावे. गाडी गिअरमध्ये ठेवून हातब्रेक ओढावा, मागील चाकांस ओंडके लावावेत, चाकाचे नट जमिनीवर असतानाच थोडे सैल करावेत व नंतर जॅक लावावा. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालू नये; खाली भक्कम स्टँड द्यावा. चाक काढल्यावर कुलूप उघडून स्टिअरिंग अशा दिशेस पूर्ण वळवावे की कॅलिपरची पाठ बाहेरच्या बाजूस येईल. एवढ्या साध्या गोष्टीने बोल्टाची निम्मी अडचण दूर होते. तरीही ती न करता आडवे पडून झुंजणारे पुष्कळ आढळतात.

ब्रेकची धूळ तोंडाने किंवा हवेने फुंकू नये, ओल्या फडक्याने पुसावी. बोल्टाभोवतीचा गंज तारेच्या ब्रशाने काढून गंज सोडविणारे तेल आट्यांच्या तोंडाशी घालावे व शक्य तर रात्रभर मुरू द्यावे. तेल तबकडीवर वा पॅडवर उडू देऊ नये. तेल शोषलेले पॅड बदलावेच लागतात. नंतर डोक्यावर हातोडीचे हलके, सरळ ठोके द्यावेत. त्याने गंजाचा थर तडकतो. ज्योत वापरण्याचा मोह टाळावा, कारण शेजारीच ब्रेकची रबरी नळी असते आणि ब्रेक ऑइल पेट घेऊ शकते.

पाना सहा कोनी सॉकेटचा घ्यावा. बारा कोनी सॉकेट कोपऱ्यांवरच धरते व गंजलेले डोके सोलून काढते. फिरविण्याची दिशा ठरविताना विशेष सावध राहावे. डोक्याकडून पाहिले असता बोल्ट घड्याळाच्या उलट दिशेने सुटतो. परंतु या बोल्टांची डोकी बहुधा आतल्या बाजूस असतात आणि मनुष्य बाहेर बसलेला असतो. त्याला दिशा उलटी भासते, आणि सोडविण्याच्या समजुतीने तो बोल्ट आणखी आवळीत राहतो. बोल्ट किंचित सुटल्यावर एकदम बाहेर न काढता थोडा मागे, थोडा पुढे असा फिरवावा. कॅलिपर सुटला की तो नळीवर लोंबकळू न देता तारेने बांधून ठेवावा.

आवळताना अंदाजावर विसंबण्याची सवय आपल्याकडे फार आहे. ती येथे का चालत नाही, हे शाळेत शिकविल्या जाणाऱ्या तरफेच्या नियमाने स्पष्ट होते. समजा मोठ्या बोल्टास १०० न्यूटन-मीटर पीळ द्यावयाचा आहे. ५० सेंटिमीटर दांड्यावर त्यास सुमारे २० किलो भाराइतका जोर लागतो. १५ सेंटिमीटर पान्यावर मात्र जवळजवळ ६८ किलो. अडचणीत वाकून बसलेल्या माणसास एवढा जोर लावणे कठीण, म्हणून बोल्ट ढिला राहतो. उलट पिनेच्या लहान बोल्टास पुष्कळ छोट्या गाड्यांत ३० न्यूटन-मीटरच्या आसपास पीळ पुरतो. त्याच लांब दांड्याने तेवढ्याच जोराने तो आवळला तर तिपटीहून अधिक पीळ बसून तो तुटू शकतो. हाताला दोन्ही वेळी जोर सारखाच वाटतो. म्हणून टॉर्क पाना वापरावा, आणि नेमका आकडा त्याच गाडीच्या दुरुस्ती-पुस्तिकेतून घ्यावा.

सरळ एक्स्टेंशन सॉकेटच्या रेषेत लावले तर आकडा बदलत नाही. परंतु पान्याच्या पुढे, त्याच रेषेत, उघड्या तोंडाचा जोड लावल्यास तरफ लांबते. पाना मुठीपासून ४० सेंटिमीटर व जोड ५ सेंटिमीटर असेल आणि ९० न्यूटन-मीटर हवे असतील, तर पाना ९० × ४० ÷ ४५, म्हणजे ८० वर लावावा. जोड काटकोनात बसविला तर आकडा जवळपास तोच राहतो.

आटे स्वच्छ व कोरडे असावेत. पुस्तिकेत सांगितले नसता त्यांवर तेल किंवा ग्रीस लावू नये. तेलाने घर्षण घटते व त्याच आकड्यावर बोल्ट अधिक ताणला जातो. ब्रेकसाठीचे विशेष ग्रीस फक्त सरकत्या पिनांना लावावे. काही गाड्यांत हे बोल्ट नवेच घालावे लागतात किंवा आट्यांस चिकटद्रव लावावा लागतो. तशी सूचना असल्यास काटकसर करू नये. प्रथम बोल्ट बोटांनी काही फेरे फिरवावा. बोटांनी फिरत नसेल तर तो तिरका लागला आहे. मग टॉर्क पाना सावकाश ओढावा व खट् असा आवाज येताच थांबावे. खात्रीसाठी आणखी एक हिसका देण्याची पद्धत सोडून द्यावी.

आवळल्यावर बोल्टाचे डोके व ब्रॅकेट यांवरून रंगाची एक सरळ रेघ ओढावी. सरकारी वाहनांच्या नोंदवहीत पॅड बदलल्याची तारीख लिहिली जाते, पण बोल्ट किती आवळले हे क्वचितच. तो आकडाही तेथे लिहावा. पुढे चाक काढले जाईल त्या वेळी रेघ तुटलेली दिसली तर बोल्ट हलला आहे, हे हाती पाना न घेताही कळते. शेवटी चाक बसवून, इंजिन सुरू करून, गाडी हलविण्यापूर्वी ब्रेकचे पेडल घट्ट लागेपर्यंत अनेकदा दाबावे. पॅड मागे सारलेले असल्याने पहिल्या दाबास ते तळापर्यंत जाते.